टॉवेलाखाली विकला गेलेला कॅमेरा

मित्रांनो, निपाणीत मारुतीराव दलालांची वखार विचारलीत तर कुणीही दाखवेल. आत गेलात की डाव्या हाताच्या कोनाड्यात तपकिरीची डबी दिसेल आणि तिच्या शेजारी एक काळा, ओरखडे उठलेला डबा. बरेचजण त्यालाही तपकिरीचीच डबी समजतात आणि उघडायला बघतात. कृपा करून उघडू नका. तो मी आहे. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला असं खोक्यावर छापलं होतं. मला ते काही आठवत नाही. माझा डोळा पहिल्यांदा उघडला तो बेळगावात, खडेबाजारातल्या एका दुकानात. समोर दत्तोपंत उभे होते, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी मला दोन्ही हातांत असं घेतलं, की मला वाटलं आपण काचेचेच आहोत. एका परीने होतोच म्हणा.

त्यांच्या घरी माझे लाड झाले. मऊ पिवळ्या फडक्यात मला गुंडाळून ठेवायचे. शाळेची स्नेहसंमेलनं, मुंजी, गच्चीवरची कोजागरी, सगळं मी पाहिलं. दत्तोपंतांचा हात थोडा कापायचा, त्यामुळे माझ्या चित्रांतली माणसं बोटीत बसल्यासारखी हलत. पण ते कधीही काही कापायचे नाहीत. नवरदेव शिंकला तर शिंकलेला राहायचा. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि मी कपाटात गेलो. तिथले दिवस कसे गेले ते विचारू नका. अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि शेजारी एक मुका टेपरेकॉर्डर.

तिथून मला बाहेर काढलं साईराजने. हा दत्तोपंतांचा जुना विद्यार्थी, उचगावचा, भरमूआप्पांचा मुलगा. "सर, मला तुमचा जुना कॅमेरा पायजे. मोबाइलपेक्षा ह्याच्यात अंधार लई भारी दिसतोय," तो म्हणाला. अंधार भारी दिसतो म्हणजे काय, हे सरांना कळलं नाही. त्यांनी मला फडक्यासकट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जपून वापर रे. याची सवय वाईट आहे, जे समोर असेल तेच दाखवतो."

साईराजचं इंटरनेटवर एक चॅनेल होतं. नाव ‘सीमेवरची भुतं’. अंगात काळा शर्ट, गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि दर व्हिडिओच्या सुरुवातीला डोळे वटारून एकच वाक्य, "दम हाय तर बघा!" त्याची चुलत बहीण तेजस्वी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसायची, दिवा धरायची आणि घरी जाऊन व्हिडिओची काटछाट करायची. आता एक गंमत सांगतो, पण ती तुमच्यापाशीच ठेवा. या बहाद्दराला अंधाराची भीती वाटायची. झोपतानासुद्धा न्हाणीघरातला दिवा चालू लागायचा. त्यामुळे आमची सगळी भुतं दुपारी जेवणं झाल्यावर निघत. पडकी घरं, बंद गोदामं, दाट ऊस अशा जागी आम्ही भर उन्हात जायचो आणि तेजस्वी घरी बसून दुपारची रात्र करायची. खाली अक्षरं यायची, ‘वेळ रात्रीचे बारा’.

कोगनोळीच्या नाक्याजवळ आम्ही एक पांढरी आकृती टिपली. ती ट्रकवाल्याने वाळत घातलेली लुंगी होती. संकेश्वरजवळच्या उसात आम्हाला चकवा लागला. मित्रांनो, चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. खरं तर साईराजने बांध सोडून मध्येच शिरायचा शहाणपणा केला होता आणि आम्ही त्याच त्या सऱ्यांतून गोल फिरत होतो. शेवटी उसाच्या मालकाने हाक मारून आम्हाला बाहेर काढलं, वर ताक पाजलं. तो मालक आणि ते ताक दोन्ही तेजस्वीच्या कात्रीत गेलं. उरलं काय, तर आमचं धापा टाकत पळणं. पुढे त्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, बायका येईनात. मालक बिचारा उचगावपर्यंत आला आणि भरमूआप्पांच्या ओट्यावर बसून म्हणाला, "पोराला तुमच्या ताक पाजलं, त्येचं ह्ये पांग फेडलं बघा." मला फार वाईट वाटलं. ताक मी पाहिलं होतं. पण मला कोण विचारतो?

हळूहळू बघणारे आटले. लोक खाली लिहीत, ‘दादा, भूत कमी आन् तूच जास्त दिसतोयस.’ एकाने तर कानडीत विचारलं, ‘देव्व एल्ली री?’ म्हणजे भूत कुठाय हो. भरमूआप्पांनी शेवटचं सांगून टाकलं, "दिवाळीपत्तर काय त्ये कर. न्हायतर उद्यमबागेत कारखान्यात चिकटायचं. भुतं काय भाकरी घालत न्हाईत."

दिवाळी तोंडावर आली होती. साईराजच्या तोंडचं पाणी पळालं. नेमकी तेव्हा निपाणीच्या बंद वखारीची गोष्ट त्याच्या कानावर आली. तंबाखूची जुनी वखार, व्यापार बंद होऊन कैक वर्षं झालेली. पण दुपारची आतून कुणाची तरी कुजबूज ऐकू येते म्हणे. "तेजू, ह्यो शेवटचा. ह्यो चालला तर मी चाललो," साईराज म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं आणि वखारीचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकी नावाला नाही. दार ढकललं आणि उन्हाचा एक पट्टा सोडला तर पुढे मिट्ट काळोख. तंबाखू कधीच गेली होती, पण तिची भुकटी भिंतीत, जमिनीत, पोत्यांत बसलेली. तेजस्वी दारातच शिंकायला लागली आणि शिंका थांबेनात म्हणून बाहेर राहिली.

साईराज माझ्याकडे बघून म्हणाला, "मी साईराज, ‘सीमेवरची भुतं’. मंडळी, भुताला कॅमेरा दिसला तर ते पुढं येत न्हाय. म्हणून आज आपण कॅमेरा झाकून न्यायचा." असं म्हणून त्याने मला उजव्या हाताच्या तळव्यात पट्ट्यात अडकवलं आणि वर घरून आणलेला भरमूआप्पांचा खांद्यावरचा टॉवेल टाकला. माझं फक्त भिंग तेवढं बाहेर डोकावत होतं. हात पुढे केलेला, त्यावर टॉवेल. मित्रांनो, हे चित्र ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा त्यातच आहे.

आम्ही पोत्यांच्या थप्पीपर्यंत गेलो. साईराजचा हात घामाने निसरडा झाला होता. एवढ्यात पलीकडे काहीतरी खसपसलं. कुणीतरी खाकरलं. आणि मग काळोखातून एक हात आला. वाळलेला, शिरा उठलेला, तंबाखूने बोटं तांबडी पडलेला. तो सरळ माझ्या भिंगावरून टॉवेलाखाली शिरला, त्याने साईराजची बोटं घट्ट धरली आणि एकेक दाबायला सुरुवात केली.

त्यानंतर साईराजने जी किंकाळी फोडली, ती त्याच्या चॅनेलवरची पहिली खरी किंकाळी होती. "आई गं! धरलं! तेजू, मला धरलं!" त्याने हात हिसडला, पट्ट्यातून निसटवला आणि धूम ठोकली. वाटेत पोत्यांना धडकला, भुकटीचा लोट उठला आणि हा किंचाळतोय, शिंकतोय, पुन्हा किंचाळतोय. बाहेर तेजस्वीनेही काही न बघता सूर धरला. मोटारसायकलचा आवाज आला आणि कोगनोळीच्या दिशेने विरून गेला. उचगाव बरोबर उलट्या दिशेला आहे.

मी मात्र तिथेच होतो. टॉवेल माझ्यावर आणि मी त्या हातात. माझा लाल दिवा चालू होता, म्हणजे मी सगळं टिपतच होतो. खोटं कशाला सांगू, माझीही पाचावर धारण बसली होती.

"अरं," काळोखातून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, दुखावलेला आवाज. "अरं, हात का सोडलास? न्हाय पटला भाव तर बोटानं सांग की. अर्ध्यात हात सोडून जात्यात व्हय?"

मग मला सगळा उलगडा झाला. हे मारुतीराव. उभा जन्म तंबाखूच्या दलालीत गेलेला. त्यांच्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हात पुढे करायचे, वरून टॉवेल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. बाजूला उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नसे. हो किंवा नाही ठरल्याशिवाय हात सोडायचा नाही, हा त्यातला धर्म. मध्येच हात काढून घेणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं. आता त्यांची नजर गेली होती, आणि काळवेळही मनातून निसटत चालली होती. पण रोज दुपारी वखारीत येऊन बसायची सवय राहिली होती. कितीतरी वर्षांनी कुणीतरी टॉवेल टाकलेला हात घेऊन आत आलं होतं. त्यांनी दुसरं काय समजावं?

ते हात पुढे करून तसेच बसून राहिले. मध्येच माझ्या अंगावरून अंगठा फिरवायचे आणि स्वतःशी म्हणायचे, "नमुना बरा हाय." उन्हाचा पट्टा सरकत सरकत दाराबाहेर गेला तरी ते हलले नाहीत.

सांजेला त्यांची सून मंगलताई आली. "मामंजी, चला. जेवाय वाढलंय."

"गिऱ्हाईक आलतं. सौदा अर्धा हाय."

"कोन आलं न्हाय वो मामंजी. स्वप्न पडलं आसंल."

"मग ह्यो नमुना काय आभाळातनं पडला?" त्यांनी मला वर केलं. "उघड्या सौद्यावर मी कवा जेवलोय? त्यो परत येतोय. तोवर न्हाय."

मंगलताईने माझा पडदा मिटला तसा मी झोपी गेलो. सकाळी तिने मला पुन्हा उघडलं. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते. मारुतीराव जेवले नव्हतेच, पण सकाळचा चहाही त्यांनी परत पाठवला होता. म्हाताऱ्या माणसाने पोटात अन्नाचा कण न घालता हटून बसायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाला केवढा घोर. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर, तो बस घेऊन हुबळीला गेलेला. घरात ती एकटी.

तिच्या लग्नात असलाच कॅमेरा होता, त्यामुळे बटणं तिला ठाऊक होती. मी साठवलेलं सगळं तिने माझ्या छोट्या पडद्यावर पाहिलं. साईराजची ऐट, टॉवेल, तो हात, ती किंकाळी, आणि नंतर काळोखात एकट्याने बसलेल्या सासऱ्यांचं बोलणं. किंकाळीला तिला हसू फुटलं. नंतरच्या भागाला तिने पदर डोळ्यांना लावला. मग पुन्हा मागे जाऊन ‘मी साईराज’ ऐकलं आणि मोबाइलवर त्याचं चॅनेल शोधून नंबर लावला.

"ते भुतांचं तुमीच काय?" ती म्हणाली. "तुमचं भूत चा बी घेईना झालंय. या आन् सौदा पुरा करा."

दुपारच्या आत बहीणभाऊ दारात हजर. साईराजच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. पण माझ्यातलं चित्र पाहिलं आणि पठ्ठ्या भीतीबिती विसरला. "तेजू, हात बघ! कसला सपष्ट हात आलाय! आपण तरलो!"

"त्यो हात माझ्या सासऱ्यांचा हाय," मंगलताई म्हणाली.

साईराजने पडद्यावरचं बोट मागे घेतलं. तेजस्वी मात्र हिशेबी. तिने पटकन माझ्या पोटातलं कार्ड काढून मुठीत घेतलं. मित्रांनो, कार्ड म्हणजे आमची आठवण. "दादा, हातापत्तर दाखवायचं, फुडचं कापायचं. कुणाला काय कळतंय?" ती पुटपुटली.

मंगलताईने ते ऐकलं. "आमाला कळतंय की. उद्या गाड्या भरून माणसं येतील भूत बघाय. त्या माणसाला दुपारची ही एक जागा हाय बसायला. तीबी जाईल. त्ये काय करायचं त्ये तुमी बघा. पर आदी त्यांच्या पोटात घास पडूदे."

मारुतीराव आत तसेच बसले होते, कालच्याच जागी. आता आत कोण आहे हे साईराजला पक्कं माहीत होतं. तरी तो उंबऱ्यातच अडला. खोट्या भुतांना हाका मारणारा हा गडी एका उपाशी म्हाताऱ्यापुढे जायला घाबरत होता. मंगलताईने त्याचा हात पुढे केला, त्यात मला ठेवलं आणि वरून कालचाच टॉवेल टाकला. "तुमाला बोटं कळायची न्हाईत. नुसता हात द्या. सोडू नका म्हंजे झालं."

यापुढचं सांगतोय ते कार्डात कुठेही नाही, कारण कार्ड तेजस्वीच्या मुठीत होतं. हे मी नुसतं मनात ठेवलेलं आहे.

"आलास व्हय," मारुतीराव म्हणाले. हात आला. काल तो मला केवढा भयाण वाटला होता! आज तो नुसता गार आणि हलका होता. बोटं दाबली गेली. साईराजला काही कळत नव्हतं, पण तो हलला नाही. मारुतीराव मध्येच हसायचे, मध्येच मान हलवायचे. मग त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि, सौदा पक्का करण्याआधी जे प्रत्येक वेळी विचारायची रीत होती, ते विचारलं.

"नमुना त्योच माल न्हवं? आत एक आन् भाईर एक, आसं न्हाय न्हवं?"

त्यांना कार्डाचं काही ठाऊक नव्हतं. ते मला काय समजत होते देव जाणे. रीत म्हणून विचारलं होतं. पण साईराजने मान वळवून तेजस्वीच्या मुठीकडे पाहिलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हाताऱ्याला कुठे दिसणार होतं?

साईराजने डावा हात मागे केला. "तेजू, दे."

"दादा, आपला शेवटचा व्हिडिओ हाय ह्यो. दिवाळी आलिया."

"दे म्हन्तो न्हवं."

तेजस्वीने मोठा सुस्कारा सोडला आणि कार्ड त्याच्या हातात ठेवलं. साईराजने टॉवेलाखाली दुसरा हात घातला. चाचपडत चाचपडत ते त्याने माझ्या पोटात बसवलं. टक असा आवाज झाला. माझा जीव भांड्यात पडला.

"व्हय आप्पा," साईराज म्हणाला. "नमुना त्योच माल."

मारुतीरावांनी त्याची पाचही बोटं एकदम आवळली आणि टॉवेल झटक्यात ओढून काढला. "झाला सौदा!" त्यांचा आवाज वखारभर घुमला. "मंगल, भाकरी वाढ. गिऱ्हाइकालाबी वाढ. आन् तू रं, पैसं बाजारादिवशी घिऊन जा."

असा मी विकला गेलो. केवढ्याला, ते त्या टॉवेलालाच ठाऊक. दिलेला हात परत घ्यायचा नसतो, त्यामुळे साईराजने मला मागितलं नाही. झुणका-भाकर खाऊन, शिंकत शिंकत तो निघाला. जाताना दारातून वळून त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं.

वखारीचा व्हिडिओ कधीच आला नाही. मंगलताई सांगते, त्याने उसाच्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘चकवा बिकवा काय न्हाय, आमीच वाट चुकलो, मालकांनी ताक पाजलं.’ लोक म्हणे त्यावर जेवढे हसले तेवढे एकाही भुताला घाबरले नव्हते. दिवाळी झाली आणि तो उद्यमबागेत कामाला लागला.

बाजारादिवशी तो आला. मारुतीरावांना मागचं काहीच आठवत नव्हतं. पण खांद्यावर टॉवेल असलेला माणूस दारात उभा आहे एवढं मंगलताईने सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढे केला. साईराजने कोनाड्यातून मला उचललं, तळव्यात धरलं, टॉवेल टाकला आणि सौदा पहिल्यापासून सुरू झाला. तेव्हापासून सुटी मिळेल त्या बाजाराला तो येतो. आता त्याला थोडी थोडी बोटंही कळायला लागलीत. कधीकधी तो भाव वाढवून मागतो आणि म्हातारा खूश होऊन त्याला शिव्या घालतो. माझ्याइतक्या वेळा विकला गेलेला कॅमेरा या सगळ्या मुलखात नसेल.

माझी बॅटरी कधीच संपली. ज्याच्यावर साईराजचं नशीब उघडणार होतं तो हात माझ्या पोटात तसाच पडून आहे आणि त्या तिघांखेरीज तो कुणी पाहिलेला नाही. मला पुसायला आता पिवळं फडकं नाही, अंगावर तपकीर बसते, भिंगाला चीर गेली आहे. दत्तोपंतांनी पाहिलं तर हळहळतील. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल तर त्याला कधीतरी बाहेर काढा, पुसा, आणि त्याने जे पाहिलं ते मधलं ताक न कापता सगळं बघा. एवढं केलंत तरी आमच्या जन्माचं सार्थक होईल.

आणखी एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. मागच्या बाजारी साईराजला यायला उशीर झाला. मारुतीराव हात पुढे करून, वर टॉवेल घेऊन, दुपारभर काळोखात बसले होते. तुमच्यापैकी कुणी इकडून जात असलात आणि दार लोटलेलं दिसलं, तर आत या. शिंका येतील, त्या येऊ द्या. पुढे आलेला हात धरा. फक्त ते ‘झाला सौदा’ म्हणेपर्यंत सोडू नका.